गर्भाशयावरील पूर्वशस्त्रक्रिया व गर्भारपण

गर्भाशयाची भित्ती, अंतःस्तर (आतील अस्तर) अथवा ग्रीवा (मानेसारखा खालचा अरुंद भाग) यांवर पूर्वी झालेल्या शस्त्रक्रियेमुळे पुढील गर्भारपणात आणि प्रसूतीच्या वेळी काही उपद्रव संभवतात. अशा शस्त्रक्रियांत सीझर शस्त्रक्रिया (उदर व गर्भाशय छेदून मूल बाहेर काढणे) सर्वांत अधिक प्रमाणात केली जाते. तिच्याखेरीज तंत्वार्बुदे (गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या व बहुधा मारक नसलेल्या गाठी) काढणे, गर्भपातानंतर गर्भाशयाचे अंतरंग खरवडणे, ग्रीवेचा भाग कापणे आणि अंग बाहेर येण्यावरील शस्त्रक्रिया यांचाही या संदर्भात विचार करावा लागतो. शस्त्रक्रिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांचे पुढील बाळंतपण सुखरूप पार पडते. ज्या थोड्यांच्या बाबतीत उपद्रव होतो, त्यांच्या बाबतीत मात्र तो अतिशय जलद गतीने वाढतो. पूर्वी नेमके काय केले होते याची माहिती हाती असल्यास यांपैकी बरेच उपद्रव आधीच ओळखता येतात.

गर्भाशयाची भित्ती मुख्यत्वे अनैच्छिक स्नायूंची बनलेली असते. छेद दिलेल्या जागी स्नायुकोशिका (स्नायूंच्या पेशी) पूर्ववत निर्माण होत नाहीत. त्या जागी बहुतांशी तंत्वात्मक ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) तयार होऊन जखम भरून येते. या वणाला स्नायूप्रमाणे आकुंचन पावता येत नाही आणि ताणही त्याच्याइतका सोसत नाही. वणाची बळकटी टाके घालण्याची पद्धती, जखमेतील संसर्ग आणि दोन बाळंतपणांमधील काळ यांवर अवलंबून असते. पहिल्या सीझरनंतर दीड वर्षाच्या आत पुन्हा प्रसूती आल्यास वण फाटण्याचा संभव लक्षणीय वाढतो, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे.

वण गर्भाशयाच्या कोणत्या भागावर आहे, हा प्रश्न याहूनही महत्त्वाचा ठरतो. गर्भाशयाचा वरचा भाग जाड व स्नायूमय असून प्रसूतीच्या वेळी तोच जोराने आकुंचन पावतो. खालचा भाग पातळ असतो व कळा सुरू झाल्यावर तो ताणला जाऊन गर्भाला वाट करून देतो. वरच्या भागावरील उभा छेद प्रत्येक कळेबरोबर ओढला जातो, तर खालच्या भागावरील आडवा छेद तुलनेने स्वस्थ राहतो. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. पोटाच्या त्वचेवरील वण आडवा असला म्हणजे आतील वणही आडवाच असणार, असे रुग्णाचे नातेवाईकच नव्हे, तर कधी कधी परिचारिकाही गृहीत धरतात. त्वचेवरील व गर्भाशयावरील छेदांचा असा कोणताही निश्चित संबंध नाही. मूल आडवे असणे, दिवस अपुरे असणे किंवा वार (अपरा, गर्भाचे पोषण करणारा अवयव) खाली असणे अशा कारणांनी त्वचेवर आडवा छेद घेऊनही गर्भाशय उभे छेदले गेलेले असू शकते. बाहेरून पाहून हे कळत नाही. शस्त्रक्रियेच्या नोंदीवरूनच ते निश्चितपणे कळते.

हा प्रश्न प्रसूतिविज्ञानात तसा अलीकडचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सीझर शस्त्रक्रियेनंतर माता क्वचितच वाचत असे. गर्भाशय छेदल्यावर ते बहुधा न शिवताच सोडून दिले जाई आणि रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग यांमुळे मृत्यू ओढवे. इटलीतील पाव्हिया येथे एद्वार्दो पोरो यांनी १८७६ साली मूल काढल्यावर गर्भाशयच काढून टाकून मातेला वाचविले. तथापि या उपायाने पुढील गर्भारपणाचा प्रश्नच मिटत असे. जर्मनीतील लाइपसिक येथील माक्स सेंगर यांनी १८८२ मध्ये गर्भाशयभित्ती काळजीपूर्वक शिवण्याची पद्धती मांडली व तेव्हापासून वण असलेल्या गर्भाशयासह पुन्हा गर्भवती होणाऱ्या स्त्रिया दिसू लागल्या. न्यूयॉर्कचे एडविन क्रॅगिन यांनी १९१६ मध्ये, एकदा सीझर झाले की पुढची प्रसूतीही सीझरनेच करावी लागेल असा इशारा दिला. त्या काळी छेद वरच्या भागावर उभा घेतला जात असल्यामुळे हा इशारा रास्त होता. पुढे १९२० नंतरच्या दशकात ग्लासगो येथील जॉन मन्रो कर यांनी खालच्या भागावरील आडव्या छेदाचा पुरस्कार केला आणि तोच जगभर रूढ झाला. छेद बदलला, तरी जुना नियम मात्र अनेक ठिकाणी पुढे कित्येक दशके तसाच पाळला गेला.

गर्भाशय फाटणे : वणाच्या जागी गर्भाशय फाटणे हा सर्वांत भयावह उपद्रव होय. पूर्वी खालच्या भागावर एकच आडवा छेद घेतलेल्या स्त्रीला कळा येऊ दिल्यास हा धोका सु. २०० प्रसूतींत एक इतका असतो. वरच्या भागावरील उभ्या छेदानंतर तो अनेक पटींनी अधिक असून तो वण कळा सुरू होण्यापूर्वी, गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांतही उकलू शकतो. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयातून दर मिनिटास अर्धा लिटर वा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते, ही गोष्ट लक्षात घेतल्यास येथे वेळेला किती किंमत आहे हे स्पष्ट होते. गर्भाच्या हृदयाचे ठोके एकाएकी मंदावणे हे बहुधा पहिले लक्षण असते. वणाच्या जागी सतत वेदना, चांगल्या येत असलेल्या कळा अचानक थांबणे, खाली आलेले मुलाचे डोके वर सरकणे, लघवीतून रक्त जाणे, नाडी जलद होणे व घेरी येणे ही इतर लक्षणे होत. रक्त पोटाच्या पोकळीत साचत असल्यामुळे बाहेर दिसणारा रक्तस्राव अल्प असू शकतो. ‘कळा थांबल्या, आता जरा आराम पडला’ असा समज होऊन घरात मौल्यवान वेळ निघून गेल्याची उदाहरणे आहेत.

यावरून सीझरनंतर नैसर्गिक प्रसूती होऊच देऊ नये असे मात्र ठरत नाही. निवडक स्त्रियांपैकी ६० ते ८० टक्के स्त्रियांची अशी प्रसूती यशस्वी होते. पहिल्या सीझरचे कारण (उदा., मूल पायाळू असणे) पुन्हा उद्भवलेले नसणे, वण खालचा व आडवा असल्याची खात्री असणे आणि आवश्यकता भासल्यास तत्काळ शस्त्रक्रिया करता येण्याजोग्या रुग्णालयातच प्रसूती होणे, या त्यासाठीच्या अटी होत. कळा आणण्यासाठी वा वाढविण्यासाठी औषधे देताना फार सावधगिरी बाळगावी लागते. मिसोप्रोस्टॉल हे औषध पूर्ण दिवस भरलेल्या व वण असलेल्या गर्भाशयात कळा आणण्यासाठी वापरत नाहीत.

वारेचे उपद्रव : गर्भाशय फाटण्याची भीती सर्वपरिचित आहे, वारेचा उपद्रव तितकासा परिचित नाही आणि आज तोच अधिक चिंतेचा विषय झाला आहे. वण असलेल्या गर्भाशयात वार खालच्या भागात, गर्भाशयमुखाजवळ किंवा मुखावरच रुजण्याचा संभव वाढतो. तिला अग्रस्थ वार म्हणतात. अशा वेळी गर्भारपणाच्या उत्तरार्धात वेदनारहित रक्तस्राव होतो. ही वार नेमकी जुन्या वणावर रुजली, तर तिच्यात व स्नायूत एरवी असणारा पतनशील स्तर तेथे पुरेसा नसल्यामुळे ती थेट स्नायूला चिकटते, स्नायूत शिरते अथवा स्नायू पार करून मूत्राशयापर्यंत पोहोचते. चिकटलेल्या वारेचे सविस्तर वर्णन अमेरिकेतील अर्व्हिंग व हर्टिग यांनी १९३७ मध्ये केले, तेव्हा ती एक दुर्मिळ विकृती मानली जात असे. सीझर शस्त्रक्रियांबरोबर तिचेही प्रमाण वाढले.

अमेरिकेतील सु. ३०,००० सीझर शस्त्रक्रियांची एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. वार अग्रस्थ असलेल्या स्त्रियांमध्ये ती चिकटलेली असण्याचे प्रमाण पूर्वी एकही सीझर झाले नसल्यास ३ टक्के, एक झाले असल्यास ११, दोन झाली असल्यास ४०, तर तीन झाली असल्यास ६१ टक्के असल्याचे तीत आढळले. पहिल्या व तिसऱ्या आकड्यांतील अंतर बोलके आहे. पहिले सीझर करण्याचा निर्णय घेताना त्या एकाच बाळंतपणाचा विचार केला जातो. परंतु त्याचा खरा हिशेब तिसऱ्या-चौथ्या बाळंतपणात द्यावा लागतो आणि तो बहुधा निराळ्या गावी, निराळ्या वैद्यापुढे.

चिकटलेली वार ओढून काढण्याचा प्रयत्न केल्यास अनावर रक्तस्राव होतो. म्हणून निदान आधी झाले असल्यास ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, पुरेसे रक्त सिद्ध ठेवून नियोजित शस्त्रक्रिया करतात. मूल वरच्या छेदाने काढून वार जागीच ठेवतात व वारेसह गर्भाशय काढून टाकतात. निदानासाठी श्राव्यातीत ध्वनितपासणी (सोनोग्राफी) बहुधा पुरेशी होते. मात्र तपासणाऱ्यास पूर्वीच्या सीझरची कल्पना असावी लागते, कारण वारेखालील स्नायुस्तर हेतुपूर्वक पाहिला तरच ही विकृती नजरेस येते. क्वचित गर्भ प्रारंभीच जुन्या वणाच्या खाचेत रुजतो. ही स्थिती साध्या गर्भपातासारखी भासते आणि तसे समजून खरवडण्यास घेतल्यास स्त्रीचा जीव धोक्यात येतो.

अंतःस्तरावरील इजा : गर्भपात अपूर्ण राहिल्यावर किंवा प्रसूतीनंतर वारेचे अवशेष राहिल्यावर गर्भाशय आतून खरवडतात. व्यवहारात याला ‘पिशवी साफ करणे’ असे म्हणतात. फार खोल वा वारंवार खरवडल्यास अंतःस्तराचा मूळ थर नष्ट होऊन समोरासमोरच्या भित्ती एकमेकींना चिकटतात. या विकृतीचे वर्णन हाइन्रिख फ्रिच यांनी १८९४ मध्ये केले होते. परंतु जोसेफ आशरमन यांनी १९४८ साली तिचा सविस्तर अभ्यास केल्यामुळे ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. पाळी अत्यल्प होणे किंवा बंद होणे, वंध्यत्व व वारंवार गर्भपात ही तिची लक्षणे होत. भारतात गर्भाशयाच्या क्षयरोगामुळेही अशाच आसंजन-पट्ट्या निर्माण होतात, हे निदान करताना विसरून चालत नाही. आज बारीक दुर्बिणीतून पाहून या पट्ट्या कापता येतात. तथापि त्यानंतर गर्भ राहिल्यास वार चिकटण्याचा धोका उरतोच.

गर्भपाताच्या बाबतीत भारतातील परिस्थितीला स्वतःचा इतिहास आहे. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. त्यानंतरच्या दशकात चौथ्या-पाचव्या महिन्यातील गर्भपात पुष्कळदा पोट उघडून व गर्भाशय उभे छेदून केले जात आणि त्याच वेळी संततिनियमनाची शस्त्रक्रियाही उरकली जाई. ती न केलेल्या स्त्रीस पुन्हा दिवस राहिल्यास तिच्या गर्भाशयावर उभ्या सीझरसारखाच धोकादायक वण असे. पण ‘माझे सीझर झालेले नाही’ असे ती प्रामाणिकपणे सांगे. पुढे औषधे व निर्वात-चूषण या पद्धती आल्या. धारदार उपकरणाने खरवडण्याऐवजी त्याच वापराव्यात अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मुलगा हवा म्हणून चोरून करविल्या जाणाऱ्या गर्भपातांत मात्र पद्धतीची निवड स्त्रीच्या हाती राहत नाही व कागदही मागे राहत नाही. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, १९८८ मध्ये केला. केंद्रीय कायदा १९९४ चा आहे.

ग्रीवेवरील शस्त्रक्रिया : ग्रीवा बळाने रुंदावल्याने, प्रसूतीत फाटल्याने किंवा तिचा भाग कापल्याने ती कमकुवत होते आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यात फारशा कळा न येताच गर्भपात होतो. या विकृतीवरील उपायाचे श्रेय एका मराठीभाषक शल्यविशारदाकडे जाते. गोव्यातील शिरोडे येथे जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन करीत असताना ग्रीवेच्या अंतर्मुखाभोवती फेरटाका घालण्याची शस्त्रक्रिया योजिली. त्यासाठी त्यांनी मांडीवरील आवरणपटलाची पट्टी वापरली व १९५५ मध्ये ही पद्धती प्रसिद्ध केली. ‘शिरोडकर टाका’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. ऑस्ट्रेलियातील मॅक्डोनाल्ड यांनी १९५७ मध्ये सुचविलेला अधिक सोपा टाका आज जास्त प्रचारात आहे.

तरुण स्त्रियांचे अंग बाहेर येणे ही आपल्याकडील, विशेषतः बाळंतपणानंतर लगेच कष्टाची कामे कराव्या लागणाऱ्या स्त्रियांची, जुनी व्यथा आहे. यावरील मँचेस्टर पद्धतीच्या शस्त्रक्रियेत ग्रीवा कापली जाई. त्यामुळे पुढे गर्भपात, अकाली प्रसूती किंवा वणामुळे ग्रीवा न उघडणे असे उपद्रव होत. शिरोडकर यांनी ग्रीवा न कापता ही शस्त्रक्रिया करण्याची सुधारणा सुचविली. मुंबईचेच डॉ. बा. नी. पुरंदरे यांची ग्रीवा पोटाच्या भित्तीस पट्टीने टांगण्याची शस्त्रक्रियाही पुढील मातृत्व शाबूत राखण्याच्या हेतूनेच प्रचारात आली.

तंत्वार्बुदे काढल्यानंतरचा वण ते किती खोल होते यावर अवलंबून असतो. गर्भाशयाच्या पोकळीपर्यंत छेद गेला असल्यास कळा येऊ न देता ३७ व्या आठवड्याच्या सुमारास सीझर करणे सामान्यतः श्रेयस्कर मानतात. पोटातील दुर्बिणीतून गाठी काढल्यावर टाक्यांचे थर पुरेसे न बसल्यास वण कळा नसतानाही उकलल्याचे आढळले आहे.

महाराष्ट्रातील व मराठवाड्यातील परिस्थिती : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील प्रसूतींपैकी सीझरने होणाऱ्या प्रसूती २००५-०६ मध्ये ८.५ टक्के, २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के, तर २०१९–२१ मध्ये २१.५ टक्के होत्या. महाराष्ट्रात याच शेवटच्या दोन पाहण्यांत हे प्रमाण अनुक्रमे २०.१ व २५.४ टक्के आढळले. याचा अर्थ, वण असलेले गर्भाशय ही आता मोठ्या शहरांतील रुग्णालयांपुरती बाब राहिलेली नाही. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावसारख्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील गावीही गर्भवती तपासणाऱ्या परिचारिकेसमोर अशा स्त्रिया नित्य येत असणार.

अशा गावाच्या दृष्टीने प्रश्न मुख्यतः अंतराचा व रक्ताचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी प्रसूती होऊ शकते. परंतु सीझर शस्त्रक्रिया, भूल देणारा तज्ञ आणि रक्तपेढी यांसाठी प्रथम गंगाखेड व पुढे परभणी गाठावे लागते. एकट्या गंगाखेड-परभणी टप्प्याचेच अंतर सु. ४० किमी. आहे. परभणी येथे २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी गुंतागुंतीच्या रुग्णांना नांदेड किंवा अंबेजोगाई येथील महाविद्यालयांच्या रुग्णालयांकडे धाडावे लागे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये २०११ पासून सरकारी रुग्णालयांत सीझर, रक्त व ने-आण विनामूल्य आहेत. तरीही वण फाटल्यानंतर रुग्णवाहिका बोलाविण्यात फारसा अर्थ राहत नाही; अशा स्त्रीने प्रसूतीच्या संभाव्य तारखेपूर्वीच रुग्णालयाजवळ मुक्काम हलविणे हाच व्यवहार्य उपाय होय.

दुसरी अडचण नोंदीची आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे पहिल्या सीझरचा सुटीचा कागद (रुग्णालयातून घरी पाठविताना दिलेले पत्रक) बहुधा माहेरच्या पेटीत पडून राहतो आणि दुसऱ्या खेपेस सासरच्या गावी तपासणाऱ्यास तो दिसत नाही. त्यात ऊसतोडीच्या स्थलांतराची भर पडते. या डोंगराळ भागातील, तसेच शेजारच्या बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पती-पत्नीचा ‘कोयता’ एकत्र मोजला जात असल्यामुळे गर्भवतीही फडात असते. मोळी डोक्यावर वाहणे, पालावरचा मुक्काम आणि अनोळखी तालुका अशा अवस्थेत तिच्या पूर्वशस्त्रक्रियेविषयी तिच्याखेरीज कोणालाच माहिती नसते. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याची माहिती जून २०१९ मध्ये विधान परिषदेत देण्यात आली व चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तो विषय निराळा. परंतु या स्त्रियांच्या गर्भाशयावर काय केले गेले हे सांगणारा कागद त्यांच्याजवळ किती थोड्या वेळा असतो, हे त्या निमित्ताने उघड झाले.

वण असलेल्या स्त्रीची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांतच करून गर्भ वणाच्या खाचेत नाही याची सोनोग्राफीने खात्री करून घेतात. पाचव्या महिन्यात वारेची जागा पाहतात आणि ती खाली असल्यास ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तपासतात. मधल्या काळात रक्तक्षय (पंडुरोग) दूर करणे अगत्याचे असते. कारण हीमोग्लोबिन मुळातच कमी असलेली स्त्री अल्प रक्तस्रावानेही दगावू शकते. माता व बाल संरक्षण कार्डावर नुसते ‘पूर्वी सीझर’ एवढेच लिहिणे अपुरे असते. शस्त्रक्रियेची तारीख व कारण, गर्भाशयावरील छेद उभा होता की आडवा, तो खालच्या भागापलीकडे फाटत गेला होता काय, नंतर ताप आला होता काय, खरवडणे किती वेळा झाले आणि स्त्रीचा रक्तगट कोणता, इतका तपशील त्यावर हवा. मूळ कागद मिळत नसल्यास पूर्वीच्या रुग्णालयाकडून तो मागविता येतो. तोही न मिळाल्यास वण कोणत्या प्रकारचा आहे हे अनिश्चित धरून प्रसूती शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच करवितात.